एकदाच सांगायचं

आमच्या शाळेच्या गावातली म्हातारी माणसं एस्तेर मॅडमना 'इस्तरी मॅडम' म्हणत. एस्तेर हे नाव त्यांच्या जिभेवर बसत नव्हतं हे एक कारण, आणि दुसरं कारण मॅडमची साडी. कडक खळ केलेली सुती साडी, काठाला काठ जुळलेला, निऱ्या मोजून घातल्यासारख्या. तुमसरहून एसटीत उभ्यानं येऊनही त्या साडीवर सुरकुती नसे. खांद्यावर एकच पिन, पण पर्समध्ये आणखी डझनभर. त्याच पर्समध्ये मेणबत्ती, काडेपेटी, ओआरएसची पाकिटं, सुतळीचं बंडल, एक शिट्टी आणि लोकरीच्या मोज्यांचा एक जोड. एप्रिल महिन्यात ते मोजे पाहून मी विचारलं होतं, "मॅडम, मोजे कायले?"

"कोणाले कुठं थंडी वाजन, सांगता येते का?" त्या म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन होतं.

बपेऱ्याच्या अलीकडच्या एका गावात आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी. मी शिक्षणसेवक म्हणून तिथं रुजू झाले तेव्हा तेवीस वर्षांची होते. माहेर लाखांदूरकडचं, घरची धानाची शेती, आणि घर सोडून पहिल्यांदाच इतक्या लांब राहायला आलेली. तुमसरला एक खोली भाड्यानं घेतली होती. सकाळी साडेनवाच्या गाडीला एस्तेर मॅडम आणि मी दोघी चढायचो. त्या माझ्यापेक्षा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी मोठ्या. नवरा गेलेला, एकुलती एक मुलगी रूथ रायपूरला नोकरी करणारी. मॅडमचे वडील एका मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळे चर्च, प्रार्थना, रविवारची उपासना हे सगळं त्यांच्या घरात पाण्यासारखं सहज होतं. आमच्या शाळेत आणि त्या गावात त्या एकट्याच ख्रिस्ती.

पहिल्याच महिन्यात मला कळलं की ही बाई विलक्षण घाबरट आहे. गाडी दोन मिनिटं उशिरा आली की त्यांचा हात छातीवर जायचा. पोषण आहाराच्या खोलीतून धूर जरा जास्त निघाला की त्या खडू हातात घेऊनच धावत. मुलं मोजायची तर त्यांना सवयच होती. प्रार्थनेच्या रांगेत, डब्याच्या सुट्टीत, घरी सोडताना, ओठ हलत राहायचे. संध्याकाळी शाळेला कुलूप लावलं की आम्ही गाडीच्या थांब्याकडे निघायचो, आणि पिंपळापर्यंत गेलं की मॅडम थांबत.

"वंदना, कुलूप ओढून पाह्यलं होतं का आपण?"

"पाह्यलं मॅडम, दोनदा."

मग त्या चालता चालताच मान थोडी वर करून, शेजारी कुणी चालत असावं तसं पुटपुटत, "प्रभू, कुलपाची काळजी लागली. तुह्या हवाली." आणि चार पावलं पुढे गेल्यावर पुन्हा थांबत. माझ्याकडे ओशाळं पाहत. "विश्वास आहे वं माहा. पण कुलूप जुनं आहे." आणि परत जाऊन कुलूप ओढून येत. एकदा त्यापायी आमची गाडी चुकली. दुसरी गाडी दीड तासानं होती. त्या दीड तासात त्यांनी मला तीन वेळा सॉरी म्हटलं आणि पर्समधला चिवडा खायला घातला.

मला हे सारं गमतीचं वाटायचं. देवावर इतका विश्वास आणि इतकी भीती, दोन्ही एकाच माणसात कसं? लहानपणापासून माझी समजूत अशी की भक्ती करणारी माणसं शांत असतात. आमच्या गावचे भजनी बुवा तसे होते, पूर आला तरी टाळ खाली ठेवणार नाहीत. एस्तेर मॅडम त्यातल्या नव्हत्या. त्यांची भीती दररोज नव्यानं यायची, आणि त्या दररोज नव्यानं तिच्याशी झुंजायच्या. ते समजायला मला वेळ लागला.

शाळा तपासणीला साहेब येणार होते तो दिवस मला लख्ख आठवतो. माझ्या नोकरीतली पहिली तपासणी. आदल्या आठवड्यात साहेबांनी शेजारच्या शाळेत एका शिक्षिकेला मुलांसमोर उभं करून प्रश्न विचारले, ती रडली, अशी बातमी आमच्यापर्यंत पोचली होती. त्या दिवशी सकाळी मी पोषण आहाराच्या खोलीमागं जाऊन उभी राहिले. तिथं मॅडम आल्या.

"काहून लपली इथं?"

"मॅडम, मले वाटते मी राजीनामाच देऊन टाकतो. मले नाही जमणार."

त्यांनी काही समजावलं नाही. नुसते आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटं थरथरत होती. "पाह्य," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षं झाली नोकरीले. साहेब येणार म्हटलं का अजूनही असंच होते."

"मंग तुम्ही काय करता?"

"सांगते त्याले. करू का तुह्यासाठी पण?"

हे त्या नेहमी विचारत. न विचारता त्यांनी कधी कुणासाठी मोठ्यानं प्रार्थना केली नाही, आणि वर्गात तर कधीच नाही. मी मान हलवली. त्यांनी डोळेही मिटले नाहीत. चुलीपाशी ठेवलेल्या तांदळाच्या मोठ्या पातेल्याकडे पाहत म्हणाल्या, "प्रभू, साहेब येऊन राहिले. वंदनाले भीती लागून राहिली, मलेही लागून राहिली. वह्या आम्ही तपासल्या, फळा लिहिला, लेकराइले नखं कापाले लावली. आमच्या हातचं झालं. आता बाकी तू पाह्य. आमेन."

मला हसू आलं. देवाला मुलांच्या नखांचा हिशोब! पण हसण्याबरोबर भीतीही थोडी सैल झाली.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. एकदाच सांगायचं. दुसऱ्यांदा सांगाले गेली त त्यानं पहिल्यांदा ऐकलं नाही असा अर्थ होते. आता चाल, तुह्या वर्गाचा फळा तारखेविना आहे."

साहेब आले, चहा प्याले, माझ्या आणि मॅडमच्या वर्गात दहा-दहा मिनिटं बसले आणि गेले. काहीही भयंकर घडलं नाही. पण मला साहेब आठवत नाहीत, ते थरथरते हात आठवतात. त्याच हातांनी नंतर मॅडमनी साहेबांपुढे भूमितीच्या आकृत्या काढल्या होत्या, रेघ जराही वाकडी न करता.

'एकदाच सांगायचं' हा त्यांचा नियम त्या स्वतः रोज मोडत. कधी कधी तर गाडीत माझ्याशेजारी बसल्या बसल्या पुटपुटताना मध्येच थांबत आणि म्हणत, "हे सकाळी सांगतलं होतं. माफ कर." हे 'माफ कर' मला नसायचं. मग त्या खिडकीबाहेर पाहत राहत, आणि थोड्या वेळानं पर्समधून वही काढून उद्याच्या पाठाचं टाचण लिहायला घेत. त्यांचा सगळा उपाय एवढाच होता. जे हातात आहे ते करायचं, जे हातात नाही ते सांगून टाकायचं, आणि पुन्हा हातातल्या कामाला लागायचं. काम नेमकं काय हे त्यांना नेहमी माहीत असे.

हा उपाय त्यांना कुठं सापडला ते त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. पावसाळ्यात शाळेत मुलं कमी होती, धानाच्या रोवणीचे दिवस, मोठी मुलं बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, चिखल तुडवत. आम्ही वरांड्यात डबे खात होतो. समोरच्या खांबावर एक वायरमन चढला होता. मॅडमनी डबा बाजूला ठेवला आणि तो खाली उतरेपर्यंत घास घेतला नाही.

"रूथचे पप्पा वायरमन होते," तो उतरल्यावर त्या म्हणाल्या. "अठरा वर्षं मी फक्त खांबाचीच भीती बाळगली. वारा सुटला का खांब, पाऊस आला का खांब. संध्याकाळी त्याइची सायकल दिसेपर्यंत मी फाटकात उभी. रोज देवाले सांगत होती, खांबावरून पडू देऊ नको, तार लागू देऊ नको. दिवसातून शंभर वेळा."

"मंग?"

"खांबावरून ते कधी पडले नाही. रविवारी सकाळी उपासनेहून आले, खुर्चीत बसले, म्हणाले चहा टाक. मी चहा घेऊन आली त मान एका बाजूले. बस. डॉक्टर म्हणे हृदय. हृदयाची भीती मी एक दिवस केली नव्हती वं वंदना. एक दिवस."

त्या हे अगदी साध्या आवाजात सांगत होत्या. पावसाची सर पत्र्यावर वाजत होती, म्हणून मला जरा जवळ सरकावं लागलं. मी तरुण होते, आणि तरुणपणी माणूस नको ते विचारतं. मी विचारलं, "मंग देवानं तुमचं ऐकलं नाही, असंच झालं नं?"

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी लोणच्याची फोड डब्यात इकडून तिकडे सरकवली.

"ऐकलं नाही असं मी म्हणत नाही. मले पाहिजे होतं ते देलं नाही, इतकं मले माहीत आहे. दोन वर्षं मी त्याच्याशी बोलली नाही. उपासनेले जाव, मागच्या बाकावर बसाव, गाण्याच्या वेळी तोंड उघडाव, पण आतून कुलूप. भीती तर दुप्पट झाली होती. रूथ बारा वर्षांची. ते शाळेत गेली का मी जिवंत नाही, परत आली का जिवंत. मंग एक दिवस तिले ताप चढला. तिच्या कपाळावर पट्टी ठेवता ठेवता माह्या तोंडातून निघून गेलं, 'प्रभू, पोरीकडे पाह्य.' सवयीनं. बोलून बसली, अन् मंग लक्षात आलं, अरे, आपण तर बोलत नव्हतो याच्याशी. खूप रडली मी. रागावली, भांडली. पण बोलणं सुरू झालं."

"अन् भीती गेली?"

"कुठं गेली? पाहते नं तू." त्या हसल्या. "पण त्या दिवशी एक समजलं. अठरा वर्षं मी फाटकात उभी राहून पहारा केला. माह्या पहाऱ्यानं काही थांबलं नाही, अन् पहारा केला नसता तरी काही जास्त घडलं नसतं. पहारा माह्याकडे नव्हताच. मी उगीचच उभी होती. रूथच्या पप्पाइच्या सोबत बसून चहा प्याची, ते फाटकात उभी होती."

त्यांनी डबा बंद केला, बोटं धुतली आणि घंटेकडे पाहून म्हणाल्या, "चाल, पाचवीचा गणिताचा तास आहे."

त्या बारापासून पुढचे पाढे स्वतःच्या चालीत म्हणवून घेत. त्यांची पाचवी गावात त्यासाठी प्रसिद्ध होती. मुलं गुरं चारताना म्हणत, पोरी भांडी घासताना म्हणत. त्यातल्या एका पाढ्यानं पुढे जे केलं ते सांगितल्याशिवाय मॅडमबद्दल सांगितलं असं होणार नाही.

डिसेंबरात धान कापणी आटोपल्यावर आम्ही सहल नेली होती आंबागडला. सेहेचाळीस मुलं, मुख्याध्यापक पटले सर, मॅडम आणि मी, भाड्याची एक बस. मॅडम आठ दिवस आधीपासून अस्वस्थ होत्या. किल्ला डोंगरावर, भोवती जंगल, वाघाच्या बातम्या अधूनमधून यायच्याच. पटले सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही नाही आल्या तरी चालते." त्या म्हणाल्या, "मी नाही आली त तिकडे मोजन कोण?"

सकाळी पायऱ्या चढलो, किल्ला पाहिला, वरच्या टाक्यापाशी मुलांनी हातपाय धुतले, डबे खाल्ले. उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. खाली बसजवळ मॅडमनी मोजलं. पंचेचाळीस. पुन्हा मोजलं. पंचेचाळीस. पाचवीतली आरती नव्हती.

त्यानंतरची पाच मिनिटं फार वाईट होती. पटले सर मोठमोठ्यानं ओरडायला लागले, "आरती! ए आरती!" मुलं एकमेकांना ढकलू लागली, दोन लहान पोरी रडायला लागल्या. मी मॅडमकडे पाहिलं. वाटलं, आता या कोसळणार, यांना सांभाळावं लागणार.

मॅडम एका दगडावर बसल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले. डोळे उघडेच, समोरच्या झाडीकडे. ओठ हलले. फार तर अर्धा मिनिट. मग उठल्या, आणि आरतीच्या जोडीदारणीसमोर, ममतासमोर, जमिनीवर उकिडव्या बसल्या.

"ममता, मी रागावत नाही. उतरायच्या आधी आरती काय म्हणत होती?"

ममता हुंदके देत म्हणाली, "तिची चप्पल वर राहिली, म्याडम. टाक्यापाशी. नवीन आहे. आई मारन म्हणे."

मॅडम उठल्या. आवाज अगदी वर्गातला. "सर, तुम्ही लेकराइले गाडीत बसवा, एकालेही खाली उतरू देऊ नका. ड्रायव्हर दादा, तुम्ही गावात जाऊन दोन माणसं आणा. वंदना, तू पायऱ्यानं वर जा, टाक्यापाशी चप्पल आहे का पाह्य. मी इकडच्या गुरांच्या वाटेनं वर चढते."

मी धावतच वर गेले. टाक्यापाशी चप्पल नव्हती. म्हणजे आरती वर आली होती आणि चप्पल घेऊन दुसऱ्याच वाटेनं उतरली होती. मॅडम चढत होत्या तीच गुरांची पायवाट किल्ल्याच्या मागून खाली बोडीकडे, म्हणजे पलीकडच्या लहान तळ्याकडे उतरत होती. मी त्या वाटेला लागले आणि थोड्याच वेळात खालून मॅडमचा आवाज ऐकू आला. त्या आरतीला हाक मारत नव्हत्या. त्या पाढा म्हणत होत्या.

"बारा एके बारा! बारा दुणे चोवीस! बारा त्रिक छत्तीस!" त्यांच्या त्या चालीत, मोठ्यानं, प्रत्येक ओळीनंतर थांबत. थांबल्या की जंगल गप्प. एखादा सातभाई पक्षी ओरडायचा. पुन्हा पहिल्यापासून. "बारा एके बारा!" मी वरून उतरत होते, त्या खालून चढत होत्या, आणि मध्ये कुठेतरी ती दहा वर्षांची पोरगी. चौथ्या की पाचव्या वेळी, "बारा त्रिक छत्तीस" म्हणून त्या थांबल्या, आणि उजवीकडच्या करवंदीच्या जाळीमागून अगदी बारीक, रडून बसलेला आवाज आला.

"बारा चोक अठ्ठेचाळीस."

"बारा पंचे?" मॅडमनी विचारलं. आवाज फुटला होता, पण चाल सोडली नाही.

"साठ."

आरती चप्पल छातीशी धरून जाळीमागं बसली होती. वाट चुकल्यावर सरांच्या ओरडण्याचा आवाज तिच्यापर्यंत पोचला होता, आणि मार बसणार म्हणून ती आणखी आत शिरली होती. मॅडमनी तिला उचललं नाही, कुरवाळलं नाही. तिच्या हातातली चप्पल घेऊन तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "घाल पायात. काटे आहेत."

परतताना बस तुमसरच्या रस्त्याला लागली आणि मग मॅडमना कापरं भरलं. दात वाजायला लागले. त्यांच्याच पर्समधले लोकरीचे मोजे काढून मी त्यांच्या हातांत घातले, दुसरं काही सुचलं नाही. मुलं गाणी म्हणत होती, आरती सगळ्यात मोठ्यानं.

"मॅडम, तिथं तर तुम्ही अजिबात घाबरल्या नाही," मी म्हटलं.

"तिथं वेळ नव्हता. आता घाबरून राहिली." मग जरा वेळानं, "वंदना, ओरडून बोलावलं असतं त नसती आली ते. पाढा ऐकला का लेकराले वाटते, वर्ग भरला आहे, सगळं ठीक आहे."

"दगडावर बसून काय सांगतलं तुम्ही देवाले?"

"मी म्हटलं, तुले दिसून राहिली ते, मले नाही दिसत. मी चालते, तू सोबत चाल." त्यांनी मोज्यातले हात मांडीवर ठेवले. "अन् खरं सांगू? आज एकदाच सांगतलं. दुसऱ्यांदा सांगाची आठवणच नाही आली."

दुसऱ्या दिवशी आरतीची आजी शाळेत आली, नारळ घेऊन. मॅडमच्या पाया पडायला लागली. मॅडमनी तिला धरून खुर्चीवर बसवलं. आजी म्हणाली, "बाई, तुमचा देव पावला." मॅडम म्हणाल्या, "आजी, तुमच्या नातीचा पाढा पाठ होता, म्हणून सापडली. तिले शाळेतून काढू नका, बस." आरतीला पाचवीनंतर घरी बसवायचं घरात ठरत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मॅडमना आधीच माहीत होतं. आरती पुढे बारावी झाली.

अशी सहा वर्षं गेली. माझं लग्न झालं, तुमसरलाच घर केलं. मग एका जानेवारीत मॅडमच्या मानेत गाठ निघाली. तपासण्या झाल्या आणि नागपूरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. रूथची रायपूरहून येणारी गाडी उशिरा धावत होती, दुपारपर्यंत पोचणार नव्हती. ऑपरेशन अकराला. सोबत मी होते.

मॅडम हिरव्या गाऊनमध्ये पलंगावर बसल्या होत्या. त्यांना साडीशिवाय मी पहिल्यांदाच पाहत होते, एकदम लहान दिसत होत्या. सकाळपासून त्या बोलल्या नव्हत्या. मी वाट पाहत होते, आता मान वर करतील, पुटपुटतील. काहीच नाही. शेवटी त्यांनी माझं मनगट धरलं.

"वंदना, मले आज शब्दच येऊन नाही राहिले. सगळं कोरडं पडलं. तू सांग त्याले."

"मी? मॅडम, मले कुठं येते तुमच्यासारखं?"

"माह्यासारखं कायले? तू तुह्या मायशी फोनवर बोलते, तसं बोल."

मी लाखांदूरच्या घरातली, देव्हाऱ्यात दिवा लावून मोठी झालेली. आजही लावते. कोणत्या देवाला हाक मारायची इथपासून माझी अडचण. नर्स ट्रॉली घेऊन दारात आली होती. मी मॅडमचा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळे उघडेच ठेवून बोलले.

"देवा, या आमच्या एस्तेर मॅडम. पंचावन्न वर्षांच्या आहेत. त्याइले भीती लागून राहिली, मलेही लागून राहिली. डॉक्टरनं सांगतल्या तेवढ्या सगळ्या तपासण्या आम्ही केल्या. कालपासून उपाशी आहेत. आमच्या हातचं झालं. रूथ गाडीत आहे, तिलेही सांभाळ. आता बाकी तू पाह्य."

पुढे काय म्हणायचं ते आठवेना. नर्स मान खाली घालून उभी होती, घाई करत नव्हती. मॅडमनी स्वतःच "आमेन" म्हटलं. मग डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "छप्पन."

"काय?"

"छप्पन वर्षांची आहे मी. त्याले चुकीचं सांगतलं तू."

नर्स फिसकन हसली. मॅडम हसल्या. मला हसता हसता रडू आलं. ट्रॉली दारातून वळली तरी त्या माझ्याकडे पाहून बोटांनी पाच आणि सहा दाखवत होत्या.

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर मी चार तास बसले. माझ्या लक्षात आलं की मला भीती वाटत होती, पण ती मला हलवत नव्हती. मी रूथला फोन केला, औषधं आणली, डॉक्टरांना भेटले. एवढी वर्षं ज्या गोष्टीकडे मी बाजूनं पाहत होते, ती त्या दिवशी मला आतून कळली.

गाठ वाईट निघाली, पण वेळेत निघाली. मॅडम परत शाळेत आल्या, मानेभोवती रुमाल बांधून आणखी दोन वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाल्या. मग रूथ त्यांना रायपूरला घेऊन गेली. फोनवर बोलणं व्हायचं. तिथल्या लिफ्टची त्यांना भीती वाटायची, त्या चार मजले चढून जात. मग हळूहळू लिफ्टनं जायला लागल्या, तेही त्यांनी मला फोन करून सांगितलं. गेल्या वर्षी दुखणं उलटलं. मॅडम गेल्याचा रूथचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. शेवटी फार शांत होती का आई, असं मी तिला विचारलं. रूथ म्हणाली, "घाबरत होती अधूनमधून. मग सांगायची. मग माझ्याशी गप्पा मारायची."

पण मला त्या आठवतात ते वेगळ्याच ठिकाणी. रायपूरला जायच्या महिनाभर आधीची गोष्ट. मी माहेरी निघाले होते. भंडाऱ्याच्या बसस्थानकात लाखांदूरच्या गाडीत खिडकीशी बसले होते. दुपारचे बारा-साडेबारा, सणाच्या आधीची गर्दी, भोंगे, लाऊडस्पीकरवर गाड्यांच्या घोषणा, चिवडेवाले. खिडकीसमोर, फलाटावरच्या बाकावर एस्तेर मॅडम होत्या. निवृत्तीच्या कागदांसाठी आल्या असणार आणि तुमसरच्या गाडीची वाट पाहत असणार. त्या झोपल्या होत्या. भर गर्दीत, बसल्या बसल्या, तोंड थोडं उघडं, पर्स मांडीवरून घसरून बाकावर आडवी. आठ वर्षांत मी त्यांना कधी गाडीत डुलकी घेतानाही पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, यांची गाडी चुकेल. मी खिडकीतून हात बाहेर काढून हाक मारणार, तेवढ्यात मॅडमशेजारी बसलेल्या एका शेतकरी बाईनं मला पाहिलं. मांडीवर भाजीचं गाठोडं, कपाळावर आडवं कुंकू, मॅडमच्या ओळखीची नसावी. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"झोपू द्या नं," ती हळूच म्हणाली. "तुमसरले मलेही जाचं आहे. गाडी लागली का उठवतो मी."

आमचा कंडक्टर घंटी वाजवून दार लावून मोकळा झाला. गाडी मागे सरकून वळली. वळताना पाहिलं, मॅडमची मान झोपेत कलंडली आणि त्या बाईच्या खांद्यावर टेकली. बाईनं गाठोडं हळूच पायाशी ठेवलं आणि खांदा नीट सरळ करून बसली.